वाढत्या कोलंबसला येण्याआधी

तुमचा प्रश्न मी तीन वेळा वाचला. तुमच्या पतीला ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात नोकरी मिळते आहे, तुम्ही स्वतः कोल्हापुरात नऊ वर्षे सिव्हिल इंजिनिअर म्हणून साइटवर काम केले आहे, मुलगी दुसरीत आहे, आणि तुम्ही विचारले आहे की ज्या शहरात एवढी बांधकामे चालू आहेत तिथे तुम्हाला काम मिळायला अडचण कसली, घर कोणत्या भागात घ्यावे, मुलीची शाळा कशी निवडावी आणि एकटेपणा किती जाणवतो. मी सांगलीची आहे. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये तीन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन याच शहरात, हाच प्रश्न मनात घेऊन मी उतरले होते आणि तेव्हा विचारावे असे माझ्या ओळखीचे कोणी नव्हते. म्हणून हे उत्तर लांबणार आहे. व्हिसाचे अर्ज, बँकेचे खाते, वाहन परवाना यांची माहिती सरकारी संकेतस्थळांवर व्यवस्थित मिळते, ती मी इथे पुन्हा लिहीत नाही.

शहर वाढते आहे, यात शंका नाही. क्लीव्हलंड आणि डेट्रॉइट ही मिडवेस्टमधली जुनी औद्योगिक शहरे १९५० नंतर निम्म्याहून अधिक ओसरली, त्याच काळात कोलंबस मात्र वाढत राहिले आणि २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या नऊ लाखांच्या पुढे गेली. याचे मोठे कारण तुम्हा कोल्हापूरकरांना एका शब्दात कळेल, ते म्हणजे हद्दवाढ. तुमच्याकडे १९७२ साली महानगरपालिका झाली तेव्हापासून जो विषय नुसता पेटत राहिला, तो इथे १९५० च्या दशकातच निकाली निघाला. जॅक सेन्सेनब्रेनर नावाच्या महापौरांनी धोरण असे ठेवले की ज्यांना शहराचे पाणी आणि मलनिस्सारण हवे त्यांनी शहराच्या हद्दीत यावे. त्यामुळे १९५० साली सुमारे ४० चौरस मैल असलेले शहर आज २२० चौरस मैलांहून मोठे आहे. मुलीच्या शाळेचा प्रश्न याच धोरणाशी बांधलेला आहे, म्हणून हे लक्षात ठेवा.

आता कामाविषयी. तुमच्या पतीच्या नियुक्तिपत्रावर कोणता व्हिसा आहे हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि माझ्या दृष्टीने सगळे उत्तर तिथेच अडते. कंपनीने बदली करून एल-१ वर पाठवले, तर जोडीदाराला इथे काम करण्याचा हक्क आपोआप मिळतो. २०२१ च्या नोव्हेंबरपासून तसा नियम आहे. इथल्या कंपनीने थेट नोकरी देऊन एच-१बी वर आणले, तर जोडीदाराला एच-४ मिळतो आणि त्यावर सहसा काम करता येत नाही. नवऱ्याच्या ग्रीन कार्डचा प्रस्ताव एका ठरावीक टप्प्याच्या पुढे गेला, तरच परवानगीसाठी अर्ज करता येतो, आणि ही सोयसुद्धा २०१५ च्या मे महिन्यात आली. मी आले तेव्हा तीही नव्हती. कंपनीशी बोलणी करताना पगाराचा आकडा ठरवण्याआधी हे विचारून घ्या. पगाराचे नंतर पाहता येते, रिकामी गेलेली वर्षे परत मिळत नाहीत.

माझी साडेतीन वर्षे गेली. आम्ही शहराच्या मध्यभागी, सायोटो नदीपासून दहा मिनिटांवर भाड्याने राहत होतो. २०१३ च्या अखेरीस नदीवरचा मेन स्ट्रीटचा जुना बंधारा काढायला सुरुवात झाली. त्या बंधाऱ्यामुळे पाणी तुंबून पात्र कृत्रिमरीत्या रुंद झाले होते. तो काढला, पात्र पुन्हा आपल्या जुन्या रुंदीला आले आणि दोन्ही काठांवर ३३ एकर मोकळी जमीन मिळाली, तिच्यावर २०१५ पर्यंत बागा आणि पायवाटा झाल्या. मी रोज सकाळी मुलाला बाबागाडीत बसवून रिच स्ट्रीटच्या पुलावर जात असे आणि ते काम पाहत असे. मातीचे भराव कुठून आणतात, पाणी कसे वळवतात, काठाला दगडाचे अस्तर किती जाडीचे देतात, हे मी वहीत लिहून ठेवत असे. ती वही कोणाला दाखवायची नव्हती. एकदा पांढरे हेल्मेट घातलेल्या एका इंजिनिअरने वर पाहून मुलाला हात केला, आणि मला तिथून निघून जावेसे वाटले. हे मी आजवर नवऱ्यालाही नीट सांगितलेले नाही.

कामाची परवानगी २०१६ च्या सुरुवातीला मिळाली. तोपर्यंत माझ्या अनुभवाला इथे किंमत उरली नव्हती. भारतातली सहा वर्षे आणि मधली पोकळी पाहून मुलाखतीला बोलावणेही येत नसे. मग मी काँक्रीट तपासणीचे काम धरले, आणि तुम्हालाही तेच सुचवते. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटची फील्ड टेस्टिंग टेक्निशियन, ग्रेड १ ही परीक्षा लेखी आणि प्रात्यक्षिक अशी असते आणि थोड्या तयारीने होते. ओल्या काँक्रीटचा सैलपणा मोजायचा स्लंप कोन तुमच्या ओळखीचा आहे. बाकी हात नव्याने वळवावा लागतो. ताकद तपासायला आपण १५० मिलिमीटरचे घन भरतो, इथे सिलिंडर भरतात, आणि त्याच काँक्रीटचा सिलिंडर घनाच्या साधारण ८० टक्केच ताकद दाखवतो, त्यामुळे पहिले काही दिवस अहवालातले आकडे पाहून उगाच धसका बसतो. आपल्याकडे सहसा कोणी पाहत नाही ती हवेची मात्रा इथे प्रत्येक ओतकामाला मोजतात. उघड्यावरच्या काँक्रीटमध्ये सहा टक्क्यांच्या आसपास बारीक बुडबुडे मुद्दाम ठेवलेले असतात, कारण हिवाळ्यात आतले पाणी गोठून फुगते आणि त्याला जागा मिळाली नाही तर पृष्ठभागाचे पापुद्रे सुटतात. पाया ३२ इंचांपेक्षा खोल न्यायचा तो त्याच गोठण्यामुळे. जानेवारीत सिलिंडरांची पहिली रात्र उबदार पेटीत काढावी लागते. ती पेटी मी अंगणातल्या कोंबड्यांच्या खुराड्यासारखी जपत असे. पहाटे साडेचारला साइटवर उभी असताना पायांची बोटे बधिर होत, पण हातात लोखंडी कांब होती आणि समोर काँक्रीट होते, आणि मला त्या दिवसांत कसलीही तक्रार नव्हती.

परवानाधारक इंजिनिअर व्हायचे असेल, तर भारतातल्या पदवीचे मूल्यमापन करून घ्यावे लागते, आणि इथे मला थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण तो राग अजून उतरलेला नाही. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असते. मूल्यमापन करणाऱ्या कार्यालयाने माझे आडनाव हेच माझे पहिले नाव मानले आणि वडिलांचे नाव हे आडनाव. शिवाय लग्नात माझे नाव बदलले होते, म्हणजे पदवीवरची बाई आणि पासपोर्टवरची बाई यांच्यात एकही शब्द समान नव्हता. राजपत्रातल्या नावबदलाच्या जाहिरातीचे इंग्रजी भाषांतर पाठवले, तर भाषांतरकाराचे प्रमाणपत्र हवे म्हणून ते परत आले. विद्यापीठाकडून सीलबंद पाकिटात ट्रान्सक्रिप्ट हवे होते. त्यासाठी माझ्या वडिलांनी वयाच्या ६८ व्या वर्षी एसटीने चार खेपा घातल्या आणि शेवटी जे पाकीट इथे पोहोचले, त्याच्या झाकणावर आडवा शिक्का नाही म्हणून ते नाकारले गेले. पाचवी खेप त्यांनीच घातली. या सगळ्यात आठ महिने गेले. तुम्ही अजून कोल्हापुरात आहात, तर ट्रान्सक्रिप्टच्या तीन सीलबंद प्रती, झाकणावर शिक्का मारून, आत्ताच घेऊन ठेवा. नावे वेगळी असतील तर राजपत्राची प्रत, प्रतिज्ञापत्र आणि प्रमाणित भाषांतर जोडा, आणि हे काम म्हाताऱ्या माणसावर सोपवू नका. माझा परवाना २०२१ मध्ये हाती आला.

तुम्ही ज्या बांधकामांविषयी वाचले आहे, त्यांत सर्वांत मोठे नाव इंटेलचे असणार. शहराच्या ईशान्येला लिकिंग परगण्यात सुमारे १,००० एकर जमिनीवर चिप बनवण्याचे दोन कारखाने उभारण्याची घोषणा २०२२ च्या जानेवारीत झाली, २० अब्ज डॉलरपेक्षा जास्त गुंतवणूक आणि ३,००० नोकऱ्या सांगितल्या गेल्या, सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष बायडेन यांच्या उपस्थितीत भूमिपूजन झाले. उत्पादन २०२५ मध्ये सुरू व्हायचे होते. २०२४ च्या उन्हाळ्यात ओहायो नदीवरून उतरवलेली अवजड सामग्री रस्त्याने तिकडे नेत होते. त्यातला एक नग ९ लाख पौंडांहून जड आणि २८० फूट लांब होता, त्याच्यासाठी वाटेवरच्या विजेच्या तारा उचलून धरल्या जात आणि लोक खुर्च्या टाकून रस्त्याकडेला बसत. आम्हीही बसलो होतो. पुढे २०२५ च्या फेब्रुवारीत कंपनीने कळवले की पहिल्या कारखान्याचे बांधकाम २०३० मध्ये पूर्ण होईल आणि उत्पादन २०३० किंवा २०३१ मध्ये सुरू होईल. तुमच्या पतीची नोकरी त्या प्रकल्पावर अवलंबून असेल, तर तो आराखडा कुठे आहे हे स्पष्ट विचारा, आणि केवळ तो कारखाना येणार म्हणून जॉन्सटाउनच्या बाजूला घर घेऊ नका. त्याच परिसरात माहितीसाठ्यांची मोठी केंद्रे (डेटा सेंटर) झपाट्याने उभी राहिली आहेत. बांधताना ती पुष्कळ हातांना काम देतात, पण बांधून झाली की आत मोजकी माणसे उरतात. वीज मात्र ती इतकी ओढतात की २०२३ मध्ये इथल्या वीज कंपनीने त्यांच्या नव्या जोडण्या काही काळ थांबवल्या होत्या.

सिव्हिल इंजिनिअरला टिकाऊ काम देणारी बांधकामे निराळी आहेत. ओहायो स्टेट विद्यापीठाची नुकतीच उभी राहिलेली २६ मजली, ८२० खाटांची रुग्णालय इमारत, जॉन ग्लेन विमानतळाची २०२९ मध्ये उघडायची नवी इमारत, शहराच्या मध्यातून जाणाऱ्या महामार्गांच्या गुंतवळ्याची वर्षानुवर्षे चाललेली दुरुस्ती, ही माझ्या व्यवसायातल्या लोकांची खरी रोजीरोटी आहे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मतदारांनी अर्धा टक्का विक्रीकर वाढवून लिंकअस या योजनेला मान्यता दिली, तिच्यातून जलद बसमार्ग, पदपथ आणि सायकलवाटा व्हायच्या आहेत. या शहरात १९७९ पासून प्रवासी रेल्वे नाही, तेव्हा तोवर घरात दोन मोटारी लागतील असे धरून चाला. २०२४ च्याच जुलैमध्ये मुख्य रस्त्यांलगतच्या सुमारे १२,००० भूखंडांसाठी नवे नियम मंजूर झाले, वाहनतळाची सक्ती गेली आणि बारा मजल्यांपर्यंत, काही ठिकाणी त्याहून उंच बांधायला वाट मोकळी झाली. आता हाय स्ट्रीटने गेलात, तर चौकाचौकात खाली काँक्रीटचा मजला आणि वर चार-पाच मजले लाकडी सांगाडा अशा इमारती उभ्या राहताना दिसतील. एवढ्या उंचीला लाकूड पाहून तुमच्या पोटात गोळा येईल. माझ्याही आला होता. गणित व्यवस्थित आहे, पण पावसात भिजलेला सांगाडा वाळण्याआधी झाकतात की नाही, यावर डोळा ठेवायला आपल्यासारखी माणसे लागतात.

नदीपलीकडचा फ्रँकलिंटन हा भाग अवश्य पाहा. १९१३ च्या महापुरात तो बुडाला होता, आणि पुढे पूररेषेच्या नियमांमुळे तिथे अनेक वर्षे नवे बांधकाम जवळजवळ बंद होते. २००४ मध्ये पूरभिंत पूर्ण झाली आणि त्यानंतर तिथे इमारती येऊ लागल्या. पंचगंगेच्या पूररेषेवरचे वाद ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला ती भिंत पाहून काय वाटते, हे तुम्हीच अनुभवाल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा मी त्याच भिंतीजवळच्या एका पायाच्या कामावर होते. आई-वडील शेजाऱ्यांच्या दुसऱ्या मजल्यावर होते. व्हिसाचा शिक्का संपलेला होता, गेले असते तर परत येता येईल याची खात्री नव्हती, आणि मी गेले नाही.

एकटेपणाविषयी तुम्ही विचारले आहे. पहिला हिवाळा कठीण जातो, मग सवय होते. पॉवेलला मोठे मंदिर आहे, गणपतीला मराठी माणसे जमतात, भाजणीसुद्धा मिळते. त्यावर याहून जास्त लिहिण्यासारखे नाही.

शाळेचे मात्र लिहिते. हद्दवाढीचे जे वर सांगितले, त्यातून झाले असे की शहराची हद्द पसरली आणि उपनगरांच्या स्कूल डिस्ट्रिक्टांची हद्द वेगळीच राहिली. १९८६ मध्ये या संस्थांनी आपापसात करार करून ती तशीच ठेवली. त्यामुळे पत्ता कोलंबसचा, महापालिकेचा कर कोलंबसचा, आणि शाळा डब्लिन, हिलियर्ड, वेस्टरव्हिल किंवा ओलेंटँजीची, अशी हजारो घरे आहेत. आपली माणसे ही घरे शोधून काढतात, कारण शाळा चांगली मिळते. आम्हीही २०१५ मध्ये नकाशा पुढे ठेवून असेच घर घेतले. नव्या वसाहतीतले, भूखंड निवडून बांधून घेतलेले. मला काम करता येत नव्हते, म्हणून मी रोज त्या घरावर जात असे. एका सकाळी क्रेनने छपराच्या सगळ्या त्रिकोणी कैच्या तीन तासांत चढवल्या. भिंतींना आतून पत्रे ठोकण्याच्या आदल्या संध्याकाळी मी मुलाच्या खोलीतल्या लाकडी खांबावर पेन्सिलने श्री लिहिला. तो आत आहे.

घराच्या मागे सोयाबीनचे शेत होते आणि ते आम्हाला फार आवडले होते. नव्या वसाहतीमागचे मोकळे शेत म्हणजे पुढच्या वसाहतीची जागा, हे मला, सिव्हिल इंजिनिअरला, सुचायला हवे होते. दोन वर्षांत तिथे अपार्टमेंटांच्या नऊ इमारती आल्या, शाळेत जागा पुरेना, नवी शाळा बांधली गेली आणि सीमारेषा पुन्हा आखली गेली. मुलगा तिसरीत जाताना आमची बाजू नव्या शाळेत गेली आणि रस्त्यापलीकडची घरे जुन्या शाळेत राहिली. त्याचे दोन्ही मित्र पलीकडे होते. हायस्कूलच्या वेळी हेच पुन्हा घडले. घर न बदलता त्याची शाळा दोनदा उपटली गेली. दुसऱ्या वेळी शिक्षण मंडळाची जाहीर सभा होती, प्रत्येक पालकाला बोलायला तीन मिनिटे मिळणार होती, आणि मी नकाशा, विद्यार्थ्यांचे आकडे, बसचे अंतर सगळे काढून ठेवले होते. त्या दिवशी एका स्लॅबचे ओतकाम संध्याकाळपर्यंत लांबले, ते सोडून जाता येईना, आणि मी पोहोचले तेव्हा सभागृहात खुर्च्या उचलत होते. मुलाने काही विचारले नाही. जेवायला वाढ म्हणाला.

आणखी एक गोष्ट आहे, ती या प्रश्नामुळेच लिहिते आहे. घरामागच्या त्या नऊ इमारतींपैकी चारांच्या पायाचे सिलिंडर मी भरले होते. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर काम मिळाले म्हणून तेव्हा मला आनंद झाला होता. शहराच्या वाढीने मला माझा व्यवसाय परत दिला आणि त्याच वाढीने मुलाचे मित्र पलीकडे नेले; मी या दोन गोष्टी वेगळ्या करू पाहते आणि मला अजून जमलेले नाही. तो आता अकरावीत आहे. २०३० मध्ये तो २१ वर्षांचा होईल, तोपर्यंत रांगेत आमच्या ग्रीन कार्डाची तारीख आली नाही तर त्याला आमच्या व्हिसावर राहता येणार नाही, स्वतःचा वेगळा व्हिसा काढावा लागेल. ज्या शाळांसाठी ते घर घेतले, त्या शाळांत वाढलेल्या मुलाविषयी मी हे लिहीत आहे.

तेव्हा पहिले वर्ष भाड्याने राहा. घर पाहताना काउंटी ऑडिटरच्या संकेतस्थळावर त्या भूखंडाचा स्कूल डिस्ट्रिक्ट आणि घरपट्टी पाहा, आणि आजूबाजूच्या एक मैलात मोकळी शेतजमीन किती आहे आणि कोणत्या नकाशांना मंजुरी मिळाली आहे हेही पाहा. जिथे भोवतालची जमीन आधीच बांधून संपली आहे, अशा वीस-तीस वर्षे जुन्या वसाहतीत, शाळेच्या जवळ घर घ्या. सीमा आखताना कडेची घरे हलतात, शाळेलगतची सहसा हलत नाहीत. विक्रेता नव्या घराची घरपट्टी दाखवील ती बहुधा पूर्ण आकारणीची नसते. काही भागांत १५ वर्षांची सवलत असते आणि ती संपली की आकडा एकदम चढतो. फ्रँकलिन परगण्यात २०२३ च्या फेरमूल्यांकनात घरांची मूल्ये सरासरी ४१ टक्क्यांनी वाढली, तेव्हा अनेकांचे हप्ते कोलमडले. तळघर असेल तर रेडॉन या किरणोत्सारी वायूची चाचणी केल्याशिवाय सही करू नका, इथल्या जमिनीत तो असतो. मोजमाप लिटरमागे ४ पिकोक्युरीच्या वर आले तर बाहेर काढण्याची नळी आणि पंखा विक्रेत्याकडून बसवून घ्या. हिवाळ्यात ताबा मिळणार असेल, तर अंगणाची माती आणि उतार वसंत ऋतूत पूर्ण करून देण्याचे लेखी घ्या. आमच्या अंगणाचा उतार घराकडे राहिला होता आणि पहिल्या एप्रिलमध्ये तळघरात चार इंच पाणी होते.

पतीच्या पत्रावर एल-१ आहे की एच-१बी, एवढे मला लगेच कळवा. एल-१ असेल तर माझ्या ओळखीच्या दोन तपासणी प्रयोगशाळांत तुमच्यासाठी शब्द टाकते; हंगाम मार्चअखेर सुरू होतो आणि माणसे ते फेब्रुवारीत घेतात.